वेढ्याच्या आतला इतिहास

पुण्यातली पेशवाई बुडून वर्षही उलटले नव्हते. १८१९ च्या जानेवारीत हिंगोली, उमरखेड आणि नांदेड यांच्यामधल्या पट्ट्यातील नोवा नावाच्या गढीला वेढा पडला. आत हटकरांचा नाईक नोवसाजी, त्याची माणसे आणि त्याने पदरी ठेवलेले अरब शिपाई होते. बाहेरची फौज नावाला निजामाची होती, पण तिला कवायत शिकवणारे आणि तिच्यापुढे चालणारे अधिकारी इंग्रज होते. मेजर पिटमन तिचा सेनापती होता. ८ जानेवारीला सुरू झालेला वेढा ३१ जानेवारीला हल्ला चढवून संपवण्यात आला. गढीतली बहुतेक शिबंदी कापली गेली आणि नाईकाचा शेवट पुढे हैदराबादेत झाला. जिंकलेल्या फलटणींना ‘नोवा’ हा रणसन्मान मिळाला आणि तो त्यांच्या निशाणांवर चढला.

या लढाईचा वृत्तांत आज वाचायचा तर हाताशी येतो तो मेजर आर. जी. बर्टन यांचा १९०५ साली छापलेला हैदराबाद कंटिन्जंटचा इतिहास. बर्टन स्वतः याच फौजेतले अधिकारी होते. ग्रंथ मेहनतीने लिहिलेला आहे, त्यातले तपशील अधिकाऱ्यांच्या कागदांवर बेतलेले आहेत आणि त्याला मोडीत काढण्याचे कारण नाही. मात्र तो गढीच्या बाहेर उभे राहून लिहिलेला आहे. मोर्चे कुठे बांधले, कोणता अधिकारी जखमी झाला, कोणत्या फलटणीने धीर दाखवला, हे त्यातून कळते. आत कोण होते, नाईकाशी त्यांचे नाते काय होते, आसपासच्या गावांनी त्या तीन आठवड्यांत कोणाला दाणागोटा पुरवला, हे कळत नाही. दोनशे वर्षे होऊन गेली तरी ही दुसरी बाजू कोणी सलगपणे मांडलेली नाही. मराठवाड्यात इतिहासाची आवड असलेली माणसे कमी नाहीत, त्यामुळे हे आळसाने राहून गेले असे म्हणता येत नाही. त्या कामाला लागणारी माणसे घडवणारी व्यवस्था आपण उभारलेली नाही, असे आमचे मत आहे. वस्तू हाताळता येणारा आणि वर्गात शिकवणारा, अशा दुहेरी तयारीचा इतिहासकार आपल्याकडे अपवादाने होतो. आदिवासी व स्थानिक जमातींचा इतिहास आणि लष्करी इतिहास जिथे एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथे नेमका असाच माणूस लागतो.

परभणी जिल्ह्याच्या बाबतीत ही गुंतागुंत फार जुनी आहे. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तोवर या फौजेच्या छावणीचे हिंगोली परभणी जिल्ह्यातच होते. त्याही मागे गेले तर पाथरी हे वऱ्हाडच्या इमादशाहीचे आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे भांडणाचे ठाणे. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असे फिरिश्ता सांगतो, आणि वाडवडिलांचे गाव परत मिळवण्यासाठी बुऱ्हाण निजामशहाने १५१८ साली पाथरीवर चाल केली. १५९७ च्या सुरुवातीला गोदाकाठी अकबराची फौज आणि विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर यांचे एकत्रित सैन्य यांच्यात मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती होता अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे ज्याचे दोहे उत्तरेत शाळकरी पोरांना पाठ असतात तोच रहीम. समोर होता विजापूरचा सरदार सुहेलखान. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान या लढाईत पडला. फिरिश्ता हे ठिकाण सोनपेट असे सांगतो. अकबरनाम्यात पाथरीजवळच्या आष्टीचा उल्लेख येतो. दोघांपैकी कोणाचे म्हणणे कितपत बरोबर, हे ठरवायला ग्रंथालय पुरेसे नाही. नदीचे उतार, जुन्या वाटा, शेतात सापडलेले लोखंडी तुकडे आणि गावातली नावे यांचा मेळ घालावा लागेल. सोनपेट आज तालुक्याचे गाव आहे आणि हे काम तिथे कोणालाही करता येण्यासारखे आहे, हे विशेष.

नोव्याकडे परत येऊ. ज्या फौजेने ही गढी घेतली तिची कुळकथा इथल्या वाचकाला बहुधा सांगितलेली नसते. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ साली निजामाच्या खर्चाने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना रसेल ब्रिगेड म्हणत. खर्च भागवण्याची जबाबदारी पेशकार चंदूलाल यांच्याकडे होती, आणि तो भागवताना मुलूख मक्त्याने देणे, सावकारांकडून उचल घेणे, पामर कंपनी या पेढीचे कर्ज वाढवत नेणे असे प्रकार झाले. पुढे कर्जाचा डोंगर झाला. १८५३ च्या तहाने या फौजेच्या, म्हणजे आता हैदराबाद कंटिन्जंट म्हटल्या जाणाऱ्या पलटणींच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. त्या बदल्यात पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने राखायचे ठरले. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी या फौजेच्या छावण्या होत्या. १९०२ साली कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले, १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाला आणि हिंगोलीची छावणी उठली. याच पलटणी १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट म्हणून एकत्र आल्या, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा चौथ्या कुमाऊंचे. ही पलटण जुन्या हैदराबाद कंटिन्जंटमधूनच आलेली.

म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या एका फौजेचे घर आज हिमालयाच्या कुशीत राणीखेतला आहे. तिचे संग्रहालयही तिथेच. इथे मागे काही राहिले नाही याचे एक कारण साधे आहे. कंटिन्जंटमधले शिपाई मोठ्या प्रमाणावर उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः अवधातून भरती होत. हिंगोलीच्या आसपासच्या खेड्यांतल्या घरांत ‘आमचे आजोबा कंटिन्जंटमध्ये होते’ असे सांगणारे फार निघणार नाहीत. सातारा किंवा रत्नागिरीत घराघरांत पलटणीची आठवण असते, पदके असतात, निवृत्तिवेतनाचे कागद असतात. मराठवाड्याच्या या भागाला छावणीचा शेजार मिळाला, पण पलटणीची स्मृती मिळाली नाही. फौज बाहेरची, तिचे कागद इंग्रजीत, तिच्या वस्तू राणीखेतला, आणि तिने ज्यांच्याविरुद्ध तलवार उपसली ती माणसे इथली.

ती माणसे कोण होती? अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत वाशीम सरकाराच्या वर्णनात हटकरांची नोंद आहे. तिथलेच मूळचे रहिवासी, स्वभावाने ताठ आणि सहजी न नमणारे, एक हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ उभे करणारे, अशा अर्थाचे ते वर्णन आहे. लिहिणारा मोगल दरबारचा, त्यामुळे ‘न नमणारे’ ही तक्रार समजावी की कौतुक, हे वाचणाऱ्याने ठरवावे. पण एक गोष्ट या नोंदीतून पक्की होते: पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या या डोंगराळ पट्ट्यात मेंढपाळी करणाऱ्या आणि हत्यार बाळगणाऱ्या समाजाची स्वतःची लष्करी ताकद सोळाव्या शतकात राज्यकर्त्यांच्या हिशेबात धरली जात होती. नोव्याच्या वेढ्याला तोवर सव्वादोनशे वर्षांची पार्श्वभूमी होती. त्या काळात मोगल आले, निजाम आला, मराठ्यांची चौथाई आली. प्रत्येकाने नाईकांशी कधी समझोता केला, कधी दंड वसूल केला. गावांची आणि वाटांची राखण करायची आणि त्याबद्दल हक्क घ्यायचा, हा नाईकांचा वतनी व्यवहार होता. चंदूलालच्या काळात वसुली मक्तेदारांच्या हाती गेली, रोख रकमेची भूक वाढली, आणि जुने हक्क कोणी मानायचे हा प्रश्न पेटला. कवायती फौज हाताशी आल्यावर सरकारला समझोत्याची गरज उरली नाही. १८१८ च्या युद्धानंतर मोकळे झालेले अरब आणि रोहिले शिपाई तेव्हा दक्षिणेत धनी शोधत फिरत होते, ते नाईकांना मिळाले.

इंग्रजी कागदांत यासाठी बंड हा शब्द येतो, लूट हा शब्द येतो. त्यांना उत्तर म्हणून आता काही ठिकाणी स्वातंत्र्ययोद्धा हा शब्द वापरला जातो. आम्हांला दोन्ही घाईचे वाटतात. नोवसाजी नाईक आपल्या हक्कासाठी लढला हे दिसते. त्याच्या माणसांनी आसपासच्या गावांकडून बळाने वसुली केली असण्याची शक्यताही नाकारता येत नाही, कारण त्या काळात सशस्त्र ठाणेदार असेच जगत. गढीत मेलेले अरब या मातीतले नव्हते, तेही कोणाच्या तरी पोटाच्या लढाईत इथे मेले. हटकर-धनगर समाजात आज नोवसाजीचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ज्यांच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ आली नाही त्यांनी आपला माणूस शोधणे स्वाभाविक आहे. त्या शोधाला अभ्यासाची जोड मिळाली नाही तर मात्र पुतळा उभा राहतो आणि प्रश्न तसाच राहतो.

या पट्ट्यात हटकरांखेरीज आंध आहेत, उत्तरेकडच्या डोंगरांत भिल्ल आहेत, पलीकडे कोलाम आणि गोंड आहेत. आंधांची वस्ती परभणी, हिंगोली, नांदेड, यवतमाळ या भागांत आहे. निजाम राज्यातल्या जाती-जमातींवर सय्यद सिराजुल हसन यांनी १९२० साली जो ग्रंथ काढला त्यात आंधांवर प्रकरण आहे. लग्नाच्या रीती, देव, धंदे यांची माहिती त्यात मिळते. पण लष्करी कागदांत आंध जवळजवळ नाहीत. फौजांच्या इतिहासाची ही एक मोठी अडचण आहे. त्यांच्या दप्तरात माणूस येतो तो हत्यार उचलल्यावर, किंवा सरकारला त्याची धास्ती वाटल्यावर. छावणीला गवत पुरवणारा, वाट दाखवणारा, ओझे वाहणारा, रात्री गढीत ज्वारीचे पोते पोचवणारा त्यात दिसत नाही. दुसऱ्या बाजूने, जमातींची वर्णने लिहिणाऱ्यांनी या लोकांना काळाच्या बाहेर ठेवले. त्यांच्या पुस्तकांत आंध किंवा हटकर लग्न करतो, देव पुजतो, मेंढ्या राखतो. १८१९ साल त्याच्यावरून गेलेले दिसत नाही. हटकरांच्या जुन्या वर्णनांत लढाईत किंवा शिकारीत पडलेल्याच्या अंत्यसंस्काराची रीत वेगळी सांगितली आहे. ज्या समाजाने रणात मरण्यासाठी निराळा विधी राखून ठेवला, त्याचा लष्करी इतिहास त्या विधीतच अर्धा लिहिलेला आहे. पण त्या नोंदीकडे मानववंशशास्त्रज्ञ चालीरीत म्हणून पाहतो आणि लष्करी इतिहासकार ती वाचतच नाही.

खानदेशात हेच दुसऱ्या रूपात घडले. १८१८ नंतर सातमाळा आणि सातपुड्यातल्या भिल्लांशी इंग्रजांनी काही वर्षे लढून पाहिले. जमले नाही तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली. कालचा ‘बंडखोर’ आजचा शिपाई झाला. पश्चिमेकडे उमाजी नाईक रामोशी १८३२ मध्ये फासावर गेला, राघोजी भांगरे १८४८ मध्ये. त्यांच्यावर पुस्तके आहेत, गाणी आहेत, सरकारी जयंत्या आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले कागद हैदराबादेत आणि तेही आधी फारसीत व नंतर उर्दूत. म्हणून इथला नाईक मागे पडला. हैदराबादच्या तारनाका भागातल्या पुराभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखांहून अधिक कागद आहेत. त्यात शिपायाच्या चेहऱ्याचे वर्णन आणि घोड्यावरचा डाग नोंदवणाऱ्या याद्याही आहेत. दख्खनच्या फौजांत सामान्य शिपाई कोण होता याचे इतके जवळचे चित्र दुसरीकडे मिळणे कठीण. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून फारसी वाचू शकणारे इतिहासाचे विद्यार्थी किती निघतात, हे ज्याने त्याने आपापल्या गावच्या महाविद्यालयात विचारून पाहावे.

बाहेर काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पीटर स्टॅनली हे ऑस्ट्रेलियन इतिहासकार १९८० ते २००७ अशी सत्तावीस वर्षे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये होते. हे स्मारकही आहे आणि संग्रहालयही. नंतर ते तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात इतिहास संशोधन केंद्राचे प्रमुख झाले आणि २०१३ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या कॅनबेरा शाखेत संशोधक प्राध्यापक. आयुष्याचा मोठा भाग गणवेश, पत्रे, रोजनिशा, बंदुका यांच्या सहवासात गेलेला हा माणूस गॅलिपोलीला लढलेल्या हिंदी शिपायांवर लिहितो, आणि २०२२ मध्ये १८५५ च्या संथाळ हूलवर त्याचे पुस्तक येते. त्यात बंगाल सेनेने सिदो-कान्हूंचा उठाव कसा मोडला याचा लष्करी अंगाने शोध आहे. संथाळांवर लिहिणाऱ्यांनी सैन्याचे कागद फारसे उघडले नव्हते आणि सैन्यावर लिहिणाऱ्यांना संथाळ हे किरकोळ प्रकरण वाटत होते. मधली जागा रिकामी होती. स्टॅनली यांच्या मांडणीवर आक्षेप घेता येतील. विजेत्याच्या पत्रांतून पराभूताला ऐकताना आवाज बदलतोच. तरी ती पत्रे उघडल्यामुळे कोणत्या खेड्यात कोणती तुकडी गेली आणि तिने काय केले, हे तारखेनिशी पुढे आले. संथाळ संशोधकाला आता त्यावर वाद घालता येतो.

त्याच ऑस्ट्रेलियात दुसरा वाद अनेक वर्षे चालला. वॉर मेमोरियलमध्ये परदेशी लढाया आहेत, पण गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांशी केलेल्या सरहद्दीच्या लढाया का नाहीत? त्या युद्धे नव्हेतच, असे एक उत्तर दिले जाई. २०२२ मध्ये मेमोरियलच्या मंडळाने या हिंसेला दालनांत अधिक जागा देण्याचे जाहीर केले, आणि त्यावरही गदारोळ झाला. आपण त्यांच्या पुढे आहोत की मागे, हे सांगणे अवघड. स्वतंत्र भारताच्या सेनेने इंग्रजांसाठी आपल्याच देशवासीयांविरुद्ध मिळवलेले रणसन्मान गौरवाच्या यादीतून बाजूला काढले. ते साजरे होत नाहीत. भूमिका समजण्यासारखी आहे. पण बाजूला काढणे म्हणजे अभ्यासणे नव्हे. ‘नोवा’ साजरा होत नाही, तसाच शिकवलाही जात नाही. भीमा कोरेगावच्या जयस्तंभाचे उदाहरण याउलट आहे. कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभा केलेला तो स्तंभ. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि स्तंभावर कोरलेल्या महार शिपायांच्या नावांमुळे त्याचा अर्थच पालटला. लष्करी वस्तू एकाच बाजूची राहत नाही, हे महाराष्ट्राला शिकवायला नको.

आपल्या परंपरेत अशी माणसे नव्हती असे नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात गणेश हरि खरे यांनी संग्रहाचे काम पाहिले. नाणी, शिलालेख, मूर्ती, फारसी कागद हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले आणि मग ‘मूर्तिविज्ञान’ आणि ‘संशोधकाचा मित्र’ यांसारखी पुस्तके झाली. दुसरे पुस्तक तर नव्या अभ्यासकाच्या हाती द्यायची हत्यारपेटीच आहे. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले, आदिलाबादच्या रानात गोंड आणि कोलामांमध्ये वावरताना त्यांच्या भाषा शिकले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. तेच पगडी पुढे मोगल-मराठा संघर्षाची फारसी साधने मराठीत आणतात आणि महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागात काम करतात. त्या विभागाचे परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर १९६७ सालचे आहे. जमातींचा अभ्यास आणि लढायांचा अभ्यास एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी बसलेले मराठवाड्याला दिसले, ते पगडींच्या रूपाने. मात्र पगडी ना कोणत्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते, ना विद्यापीठातले प्राध्यापक. ते सरकारी अधिकारी होते आणि रात्र जागवून विद्वान झाले. त्यांच्यामागे शिष्यांची फळी उभी राहिली नाही, कारण शिष्य घडवण्याची जागा त्यांच्याकडे नव्हती.

ती जागा विद्यापीठांकडे आहे आणि वस्तू संग्रहालयांकडे. या दोहोंमध्ये आपल्याकडे पक्की भिंत आहे. प्राध्यापक व्हायचे तर नेट-सेट आणि पीएच.डी.; संग्रहालयात काढलेली वर्षे अध्यापनाचा अनुभव म्हणून सहसा धरली जात नाहीत. संग्रहालयाची नोकरी वेगळ्या खात्याची, वेगळ्या भरतीची, आणि तिथल्या माणसाला शोधनिबंध लिहायला कोणी वेळ देत नाही. परिणाम असा की इतिहासाचा प्राध्यापक छापील साधनांवर लिहीत राहतो आणि वीरगळ देवळाच्या पारावर शेंदूर माखून उभा राहतो. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या अजबबंगल्यात, १८६३ पासूनच्या संग्रहात एकाच छपराखाली आदिवासी दालन आहे आणि शस्त्रांचे दालनही. दोन्हींत जाणारा प्रेक्षक एकच असतो. पण ‘या बंदुकीसमोर कोण उभे होते’ असा धागा एका दालनातून दुसऱ्यात नेणारे लिखाण क्वचितच होते.

संग्रहालयातल्या माणसाची जी शिस्त असते ती इतिहासाच्या वर्गात फार उपयोगी पडते. वस्तू आली की पहिले प्रश्न: कुठे सापडली, कोणी दिली, देणाऱ्याने काय सांगितले, तिच्याबरोबर आणखी काय होते? सापडल्याची जागा हरवली की तोफगोळा हा फक्त लोखंडाचा गोळा उरतो. गढीच्या बाबतीत हे फार तातडीचे आहे. मराठवाड्यातल्या गढ्या दगडी पायावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींनी उभारलेल्या. ही माती तोफगोळा पोटात घेते, म्हणून वेढे लांबत. आणि हीच माती माळवदाच्या घरावर पसरायला चांगली, पाणी धरत नाही. गढी ओस पडली की गाव पावसाळ्याआधी तिथून माती नेते. त्यात कोणाचा गुन्हा नाही, गरजच तशी. पण दरसाल थोडी थोडी करत बुरूज उतरतात, आणि त्यांच्याबरोबर भिंतीत रुतलेले गोळे, खापरे, नाणी निघून जातात. सापडलेल्या वस्तूचे काय करायचे हेही लोकांना नीट माहीत नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे जमिनीत सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. आज दहा रुपयांत चहाही दोघांना पुरत नाही, कायदा मात्र तसाच. शेतकऱ्याला कचेरीची भीती वाटते, म्हणून गोळा भंगारात जातो किंवा उंबऱ्याजवळ गाडला जातो.

वीरगळांचेही तसेच. गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातल्या वीरगळांवर आणि धनगरांच्या दैवतांवर केलेला अभ्यास या क्षेत्राला मोठा आधार आहे. गुरे पळवायला आलेल्यांशी लढून मेलेला गुराखी आणि राजाच्या फौजेत पडलेला सैनिक एकाच पद्धतीच्या दगडावर कोरलेले असतात, हे त्यातून ध्यानात येते. मोठ्या लढाया आणि गुरांसाठीच्या चकमकी यांच्यात आपण जी उच्चनीचता मानतो ती वीरगळ मानत नाही. परभणी जिल्ह्यात चारठाण्यासारख्या गावांत शिल्पांची केवढी समृद्धी आहे हे जाणकारांना ठाऊक आहे. देवळांचे कौतुक होते, शेजारी पडलेल्या वीरगळाची तारीख मात्र कोणी काढत नाही.

मग करायचे काय? प्रत्येक जिल्ह्याला भव्य संग्रहालय हवे अशी मागणी लगेच पुढे येते, आणि आली की कंत्राटाची चर्चा सुरू होते. आमच्या मते आधी माणूस हवा, इमारत नंतर. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून परभणी, हिंगोली, नांदेड आणि लातूर या चार जिल्ह्यांसाठी आहे. त्याच्या इतिहास विभागाने आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने मिळून एक संयुक्त पद निर्माण करावे: अर्धा वेळ वर्गात, अर्धा वेळ वस्तू आणि गावे. या पदासाठी संग्रहालयातल्या अनुभवाला अध्यापनाच्या अनुभवाइतकेच वजन द्यावे. नियमात बसत नाही असे उत्तर येईल. कृषी विद्यापीठांत संशोधन, अध्यापन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालतात, परभणीकरांना ते घरच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठात रोज दिसते. पिकाच्या वाणासाठी प्राध्यापक बांधावर जाऊ शकतो, तर गढीसाठी इतिहासाच्या प्राध्यापकाने जाण्यात अडचण काय?

कामाची सुरुवात आटोपशीर असावी. हिंगोली, कळमनुरी, जिंतूर, पाथरी, सोनपेट या तालुक्यांतल्या गढ्यांची आणि वीरगळांची छायाचित्रांसह यादी. तारनाक्याच्या दप्तरातून या परगण्यांच्या कागदांच्या प्रती. राणीखेतच्या रेजिमेंट संग्रहालयाशी पत्रव्यवहार. नोव्याच्या काळातले तिथे काय आहे हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. हटकर, आंध, बंजारा, भिल्ल कुटुंबांतल्या वृद्धांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, आणि ते करताना त्याच समाजातले विद्यार्थी पुढे. त्यांना आजोबांशी बोलताना दुभाष्या लागत नाही आणि कोणता प्रश्न विचारू नये हेही त्यांना कळते. या आठवणींत तारखा चुकतील, दोन लढाया एक होतील, नाईक वाघाशी झुंजेल. बर्टनच्या पुस्तकातही अधिकारी कधी घाबरलेला दिसत नाही. दोन्ही साधनांना सारखेच कठोर प्रश्न विचारायचे असतात.

एक धोका आधीच सांगून ठेवलेला बरा. असे काम सुरू झाले की प्रत्येक समाज आपला नाईक, आपली गढी, आपला हुतात्मा घेऊन येईल आणि लोकप्रतिनिधी चबुतऱ्याचे भूमिपूजन करायला तयार असतील. त्यांना टाळून चालणार नाही. गावाच्या साथीशिवाय वस्तू मिळत नाहीत. पण नोंदवहीत काय लिहायचे हे संशोधकाने ठरवायचे. नोव्याच्या बाबतीत त्या नोंदवहीत पिटमनच्या फलटणीतला अवधी शिपाई, गढीतला अरब, नोवसाजीचा हटकर आणि माती वाहणारा आंध, चौघांसाठी स्वतंत्र पाने हवीत; त्यांतली दोन सध्या जवळजवळ कोरी आहेत. विद्यापीठाने संयुक्त पदाचा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षाआधी राज्याकडे पाठवला, तर पहिल्या तुकडीतले विद्यार्थी फारसी आणि मोडीचे वर्ग लगेच सुरू करू शकतील.